कोकोपीटमध्ये भाजीपाल्याची रोपं: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीजवळ आमची लहानशी रोपवाटिका आहे. तिथं प्रत्यक्ष येऊन आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथं एकत्र लिहिलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथं फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कोकोपीट म्हणजे नक्की काय? आमची काळी माती एवढी कसदार, मग विकतचा भुसा कशाला?

नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो तपकिरी भुसा उरतो, तो म्हणजे कोकोपीट. तो दाबून विटा करतात. त्यात अन्न जवळजवळ नसतंच, पण पाणी भरपूर धरतो आणि तरी आत हवा खेळती ठेवतो. रोपाला पहिले काही दिवस एवढंच लागतं.

काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण रोपांच्या ट्रेच्या (लहान लहान खणांचं प्लास्टिकचं तबक) बोटभर खणात तीच माती वैरी होते. ओली झाली की चिकट गारा, वाळली की खडा. पांढरं मूळ त्यात गुदमरतं, आणि रोप उपसताना निम्मी मुळं ट्रेतच राहतात. शिवाय वावरातली मर (रोपं मारणारा बुरशीचा रोग) आणि सूत्रकृमी मातीसोबत फुकट येतात. गादीवाफ्यावर रोपं होत नाहीत असं नाही, आमच्या आज्जीनं जन्मभर वाफ्यावरच केली. पण आता संकरित बियांचं पाकीट ज्या भावात मिळतं, त्या भावात दहातली चार रोपं वाया घालवणं परवडत नाही.

२. पाच किलोची वीट भिजवायला पाणी किती? तिच्यात ट्रे किती भरतील?

साधारण २० ते २५ लिटर पाणी. पाणी एकदम ओतू नका. वीट घमेल्यात किंवा अर्ध्या टिपाडात ठेवा, थोडं थोडं पाणी घाला, सुटेल तसं हातानं मोकळं करा. फुगून साधारण ६० ते ७० लिटर माल होतो, विटेप्रमाणे थोडं कमी-जास्त. ९८ खणांचे २० ते २५ ट्रे त्यात भरतात. कोमट पाण्यात वीट लवकर सुटते. पण भिजली म्हणजे भरायला तयार झाली असं समजू नका. आधी प्रश्न ३ वाचा.

३. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलंय. तरी धुवायचं का?

धुवायचं. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी इथंच जन्माला येतात.

नारळ समुद्राकाठचा. बऱ्याच ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईड मुरलेलं असतं. चांगला कारखाना ते गोड्या पाण्यानं धुऊन काढतो, स्वस्तातला काढत नाही. वरून बघून दोन्ही विटा सारख्याच दिसतात.

पहिल्या वर्षी मी ४० ट्रे मिरची टाकली होती. वीट स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. बी उगवलं, दोन पानं आली, आणि तिथंच थांबलं. पानांच्या कडा तपकिरी, जणू कुणी उदबत्ती टेकवलीय. मी पाणी कमी पडलं समजून पाणी वाढवलं, मग बुरशी समजून औषध टाकलं. शेवटी एका ओळखीच्या माणसानं ट्रेतला गोळा मुठीत पिळला आणि ते पाणी जिभेला लावलं. म्हणाला, “अरे, हे तर खारं आहे.” ४० ट्रे उकिरड्यावर गेले. जिभेची परीक्षा तुम्ही करू नका, तीनचारशे रुपयांचा क्षार मोजायचा मीटर मिळतो.

धुण्याची रीत सोपी आहे. फुगलेलं कोकोपीट जाळीदार पोत्यात किंवा शेडनेटच्या तुकड्यात भरा, गोडं पाणी सोडा, निथळू द्या. असं दोनदा-तीनदा. शेवटच्या निथळलेल्या पाण्याचा ईसी (पाणी किती खारं, त्याचं मोजमाप) मोजा. तुमच्या मूळ पाण्यापेक्षा तो फारसा जास्त नसेल तर काम झालं.

एक गोष्ट मात्र नुसत्या धुण्यानं होत नाही. काही सोडियम-पोटॅशियम भुशाला चिकटून बसलेलं असतं. नंतर तुम्ही कॅल्शियम दिलं की भुसा ते धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. रोपाच्या वाट्याला कॅल्शियम येत नाही. म्हणून मिरची-टोमॅटोची मोठी खेप असेल तर दर किलो कोरड्या कोकोपीटला साधारण २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात ते रात्रभर भिजत ठेवा, आणि सकाळी परत एकदा धुवा. घरच्या गच्चीवरच्या वीस रोपांसाठी एवढं करायची गरज नाही.

४. ट्रे भरताना ओल किती पाहिजे?

मूठभर घ्या आणि जोरात आवळा. बोटांच्या फटीत पाणी चमकलं, एखाददुसरा थेंब पडला, आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर बरोबर. धार लागली तर जास्त, गोळा लगेच विस्कटला तर कमी. ट्रे भरताना अंगठ्यानं ठासू नका. भरून ट्रे जमिनीवर दोनदा हलका आपटा, माल आपोआप बसतो. ठासलं की आतली हवा गेली, मग मातीत आणि यात फरक काय उरला?

५. नुसतं कोकोपीट वापरू की गांडूळखत मिसळू?

दोन्ही चालतं. नुसतं वापरलं तर खत पाण्यातून वेळेवर द्यावं लागतं (प्रश्न १०). ज्यांना ते जमत नाही त्यांनी तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत घ्यावं. याहून जास्त नको, मिश्रण जड होतं आणि खारटपणाही वाढतो. शेणखत घालू नका. कितीही जुनं म्हणा, त्यात तणाचं बी आणि हुमणीची अंडी हमखास निघतात.

६. नारळाचा भुसा लांबून आणण्यापेक्षा उसाची बगॅस, लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस चालेल का?

लातूर-धाराशिवकडून हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि रास्तच आहे, कारखाने जवळ आहेत. पण ताजी बगॅस कुजताना तापते आणि आजूबाजूचं नत्र खाते, रोपं पिवळी पडतात. लाकडाच्या भुशाचंही तेच. बगॅस काही महिने नीट कुजवून, ढीग पूर्ण थंड झाल्यावर, चाळून मिश्रणात थोडी वापरता येते. एकट्या बगॅसवर भरवसा ठेवू नका. तूस जाळून केलेला काळा कोळसा चांगला, मिश्रणात दहातला एखादा भाग. तो राख होईपर्यंत जाळू नका, राख क्षारयुक्त असते.

परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (खनिज तापवून फुगवलेले हलके दाणे) उत्तम. पण परवडत नसेल तर नुसत्या कोकोपीटनं काही अडत नाही.

७. ९८ खणांचा ट्रे घेऊ, १०४ चा, की ७० चा? एकरी किती लागतील?

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवरला ९८ किंवा १०४. दोन्हींत फार फरक नाही. कलिंगड, काकडी, कारलं, दोडका यांना ७० किंवा ५०, कारण बी मोठं आणि मूळ जोरात.

हिशोब असा: टोमॅटो ५ फूट बाय दीड फुटावर लावला तर एकरात साधारण ५,८०० रोपं बसतात. ९८ नं भागलं तर ६० ट्रे. तुटाळीसाठी (मेलेल्या रोपांच्या जागी लावायला) पाच जास्त धरा. त्याला पाच किलोच्या तीन विटा पुरतात, चौथी हाताशी असू द्या.

गच्चीवरच्या दहा-वीस रोपांना ट्रे विकत घ्यायची गरज नाही. कागदी चहाचे कप, बुडाला तीन भोकं, झालं.

८. बी किती खोल टाकायचं? ट्रे एकावर एक रचून का ठेवतात? आमची रोपं त्यात लांबुडकी झाली.

बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, म्हणजे टोमॅटो-मिरचीला अर्धा सेंटिमीटर. वरून कोकोपीटचा पातळ थर आणि हलकं पाणी. मग ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकनं झाकायचे, त्यानं ऊब आणि ओल टिकते. कोबी-फ्लॉवर तीन ते पाच दिवसांत, टोमॅटो पाच ते आठ, वांगं सहा ते आठ, मिरची आठ ते बारा दिवसांत उगवते.

लांबुडकी होण्याचं कारण एकच असतं: ट्रे उशिरा सुटे केले. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ प्लास्टिक उचलून बघा. कोंब वाकलेल्या आकड्यासारखा वर दिसू लागला की त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरा. सगळी उगवायची वाट बघितली तर आधीची उजेड शोधत दोऱ्यासारखी लांबतात, आणि ती पुन्हा आखूड होत नाहीत. लग्नाला दोन दिवस गेलो आणि आलो तर हे झालं, अशी फोनवरची कहाणी मी किती वेळा ऐकलीय!

९. आमचं बोअरचं पाणी जड आहे. तेच वापरतो. चालेल का?

कोकोपीट कितीही धुवा, रोज खारं पाणी देत राहिलात तर महिन्याभरात ते परत खारं होणारच. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो. ट्रेच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल तर समजून जा.

आधी मोजा. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. हजाराच्या पुढं असेल तर रोपांना ते पाणी एकटं देऊ नका. कांदा, वांगं आणि मिरची खारटपणाला नाजूक, टोमॅटो आणि काकडी त्यामानानं सोसतात.

उपाय म्हणजे गोडं पाणी मिसळणं. शेततळ्याचं, विहिरीचं, कॅनॉलचं किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. निम्मं-निम्मं केलं की टीडीएसही जवळपास निम्म्यानं उतरतो. ६० ट्रेंना दिवसाला फार पाणी लागत नाही, दोनशे लिटरचं टिपाड उन्हाळ्यातही बरंच पुरतं. म्हणून सगळ्या वावरासाठी नाही तरी रोपांपुरतं गोडं पाणी वेगळं राखणं जमतं. टिपाड भरलेलं असलं की रात्री-बेरात्री येणाऱ्या लाइटचीही वाट बघावी लागत नाही.

गावातल्या जारच्या पाण्याच्या प्लांटमधून जे पाणी बाहेर सोडतात, ते वापरू का, असं बरेच विचारतात. नाही. मशीननं गाळून काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. ते बोअरपेक्षाही खारं.

आणि आठवड्यातून एकदा ट्रेला एवढं पाणी द्या की खालच्या भोकांतून थोडं वाहून जाईल. साचलेला क्षार त्याबरोबर निघतो.

१०. खत कधी सुरू करायचं?

पहिलं खरं पान (उगवताना येणाऱ्या दोन पानांनंतरचं) उघडल्यावर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एक-दोनदा. पुढं दीड-दोन ग्रॅमपर्यंत न्या. गांडूळखत मिसळलं असेल तर पहिला आठवडा वगळा. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी. १९:१९:१९ सोबत एकाच बादलीत टाकलं की पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातं.

११. पानं पिवळी पडतात. नत्र कमी असेल ना?

कोणती पानं, ते आधी सांगा. खालची जुनी पानं पिवळी आणि रोप फिकट असेल तर हो, नत्र. प्रश्न १० प्रमाणे खत द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या जड पाण्याचा सामू (पीएच) जास्त असतो, त्यात लोह असूनही मुळाला घेता येत नाही. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम संध्याकाळी फवारा. पाण्यात थोडं लिंबूसत्त्व घालून सामू सहाच्या आसपास आणला तर दुखणं मुळातूनच जातं. सामू बघायच्या कागदी पट्ट्या मिळतात, अंदाजानं घालू नका. कडा जळलेल्या असतील तर ते तिसरंच दुखणं, प्रश्न ३ आणि ९ पाहा.

१२. काल उभी होती, आज सकाळी रोपं बुडातून आडवी. काय करू?

ही रोपं कोलमडण्याची मर. देठ जमिनीलगत पाण्यात शिजल्यासारखा होतो, बारीक होतो आणि रोप लोळतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी. कोकोपीटमध्ये मातीपेक्षा कमी येते, पण “माती नाही म्हणजे मर नाही” हे खोटं आहे. जुन्या ट्रेतून, हौदाच्या पाण्यातून, हातातून येते.

आडवी झालेली रोपं खणासकट काढून लांब फेका. पाणी एक दिवस थांबवा, पुढं फक्त सकाळी द्या. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, झारीनं बुडाशी. ट्रायकोडर्मा वापरायचं असेल तर ते आधी, ट्रे भरतानाच मिसळायचं. तीही बुरशीच आहे, त्याच आठवड्यात तांबं दिलं तर तीच मरते.

वर हिरवं शेवाळ आलं म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात. त्यानं रोप मरत नाही, पण पाणी जास्त होतंय एवढं ते सांगतं.

१३. एप्रिल-मेमध्ये रोपं करायची आहेत. ४२ अंशांत उगवतील?

सिल्लोड-भोकरदनकडे मे महिन्यात ठिबक-मल्चिंगवर मिरची लावतात, म्हणजे त्यांची रोपं कडक उन्हाळ्यातच होतात. होतं, पण सांभाळून.

बी उगवेपर्यंत रचलेले ट्रे पत्र्याखाली ठेवू नका. ३५ अंशांच्या पुढं उगवण घसरते. घरातली मातीच्या भिंतीची थंड खोली बघा. नंतर ५० टक्के शेडनेट आणि कडेनं ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी. जाळीत काटकसर नको. पांढरी माशी आणि फुलकिडे रोपातच विषाणू सोडून गेले तर पुढचा चुरडा-मुरडा (पानं आक्रसण्याचा रोग) कुठल्याच औषधानं सुटत नाही. ट्रे जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा बांबूच्या मांडवावर ठेवा. खालून हवा लागते, आणि भोकातून बाहेर आलेलं मूळ हवेत सुकून आत नवी मुळं फुटतात.

आणि दुपारी नळी उचलली तर पहिलं पाणी बाजूला सोडून द्या. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी चहाइतकं गरम असतं. एकदा हात लावून बघा.

१४. जानेवारीत कलिंगडाचं बी पंधरा दिवस झाले तरी उगवत नाही. बी बोगस का?

बहुतेक वेळा नाही. कलिंगडाला २५ अंशांच्या वर ऊब लागते, आणि आपल्याकडं, विशेषतः परभणीत, तेव्हा रात्री दात वाजतात. थंड ओल्या कोकोपीटमध्ये बी कुजतं. बी सहा-आठ तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. घरात धान्याच्या पोत्यांमध्ये चांगली ऊब मिळते. टोक फुटलं की ट्रेत टाका. कारल्याचं कवच टणक, त्याला बारा तास भिजवा. वेलवर्गाची रोपं १२ ते १५ दिवसांतच लावून मोकळे व्हा, जास्त थांबलं की मुळं दुखावतात.

बियाचाच संशय असेल तर २० बिया ओल्या कापडात ठेवून मोजा. पाकीट आणि पावती फेकू नका.

१५. मेथी, गाजर, भेंडी ट्रेत करू का?

गाजर-मुळा मुळीच नाही, सोटमूळ वाकतं आणि गाजर फाटे फुटून निघतं. मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडी थेट जमिनीत. कांदा ट्रेत होतो, पण एकरी रोपांची संख्या इतकी की गादीवाफाच बरा.

१६. रोपं तयार झाली आणि पाऊस लांबला. किती दिवस थांबवता येतील?

टोमॅटो आणि कोबी २२ ते २५ दिवसांत, वांगं ३० ते ३५, मिरची ३५ ते ४० दिवसांत लागणीला येते. त्यापुढं मिरची-वांगं आठवडाभर ओढता येतं, टोमॅटो चार-पाच दिवस, कोबी त्याहून कमी. या दिवसांत नत्र बंद, पाणी बेताचं, शेडनेट काढून पूर्ण ऊन. पण सुकवून थांबवू नका. टोमॅटो लांबलाच तर देठाचा थोडा भाग मातीत जाईल असा खोल लावा, त्याला देठावर मुळं फुटतात. मिरचीला ही युक्ती चालत नाही.

मृग साधेल या भरवशावर सगळी रोपं एकाच दिवशी टाकू नका. निम्मी आठ-दहा दिवस मागून टाका.

१७. ट्रेत रोपं झकास होती, वावरात लावली आणि चार दिवसांत माना टाकल्या. भोवती माती ओली, तरी!

या प्रश्नानं मलाही दोन हंगाम चकवलं. रोप उपटून बघा: भोवती माती ओली आणि मधला कोकोपीटचा गड्डा कोरडा ठणठणीत. काळी माती ओढखोर असते, ती गड्ड्यातलं पाणी शोषून घेते. त्यात गड्ड्याचं तोंड वर उघडं राहिलं तर तो वातीसारखा पाणी वर ओढून हवेत सोडतो. मग गड्डा आक्रसतो, भोवती फट पडते, आणि तुमचं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. मुळं अजून गड्ड्याबाहेर आलेली नसतात.

म्हणून लागणीच्या आदल्या दिवशी ठिबक चालवून बेड ओला करा. ट्रे लावण्यापूर्वी पाण्यात बुडवून काढा. गड्ड्यावर अर्धा इंच माती येईल असं लावा आणि दोन बोटांनी कडेनं दाबा, वरून नाही. ड्रिपर गड्ड्याला टेकून असू द्या. पहिला आठवडा एकदाच भरपूर पाणी देण्यापेक्षा दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या. लागण चार वाजल्यानंतर.

१८. वापरलेलं कोकोपीट आणि ट्रे पुन्हा चालतात का?

ट्रे चालतात. चिकटलेली मुळं घासून काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. फार दिवस उन्हात ठेवले की तडकतात.

कोकोपीट रोपांसाठी परत वापरू नका, विशेषतः मर येऊन गेली असेल तर. कुंड्यांत, लिंबाच्या आळ्यात, कंपोस्टच्या ढिगात टाका.

१९. घरच्या टोमॅटोचं बी धरलंय. कोकोपीटमध्ये टाकलं तर चांगलं येईल?

उगवेल नक्की. पण फळ संकरित जातीचं असेल तर पुढची झाडं एकसारखी येणार नाहीत, त्याला कोकोपीट काही करू शकत नाही. गावरान वांगं, गावरान मिरची असेल तर खुशाल टाका. टोमॅटोचं बी ताज्या फळातून काढलं असेल तर दोन दिवस पाण्यात आंबवून, गर धुऊन, सावलीत वाळवा. विकतचं बी गुलाबी-निळं दिसतं ते औषध चोळलेलं असतं. ते परत धुवायचं नाही, हाताळल्यावर हात मात्र साबणानं धुवा, आणि उरलेलं बी लेकरांच्या हाती लागेल असं ठेवू नका.